पाय टेम्पोतच आहेत

दोन मीटर साठ लांब, गडद हिरवा,
श्टुटगार्टहून मुलानं आईसाठी धाडलेला.
आणि दार अडुसष्ट सेंटिमीटर.
मी टेप दोनदा लावला.
चौकट काही लाजून सरकत नाही.

मलखाझ म्हणाला, उभा करू. केला. छताला टेकला.
आडवा केला, तर जिन्याचा कठडा कण्हला.
तिरका धरून अर्धं वळण घेतलं
तेव्हा माझी करंगळी आणि भिंत यांच्यात
दुखायलासुद्धा जागा उरली नाही.
मग पाय काढले, चारही,
पिशवीत घालून टेम्पोत ठेवले.
दार बिजागऱ्यांतून उतरवलं. ते भिंतीला टेकून
लग्नातल्या परक्या पाहुण्यासारखं उभं राहिलं.

तोवर अंगणभर माना वर.
तिबिलिसीतल्या या जुन्या घरांत
सल्ला नळाच्या पाण्यासारखा येतो,
पाण्यापेक्षा नियमित.
तुतीखालून सोसो ओरडला, "डावीकडे!"
कुणाचं डावं, ते सांगितलं नाही.
कुणी म्हणालं, बाल्कनीतून घ्या, दोर बांधा.
मी बाल्कनीचं लाकूड दाबून पाहिलं.
बोट आत गेलं, केकात जावं तसं.

फोनमध्ये मुलगा: "दुकानदार तर म्हणाला होता, कुठल्याही दारातून जातो."
त्सिआलाबाईंनी मान डोलावली, फोन ठेवला,
आणि मग म्हणाल्या, "मी मागितला नव्हता रे."

त्यांनीच भिंतीकडे बोट केलं, कपाटामागे.
हे सगळं एकच घर होतं म्हणे.
नंतर दोन बिऱ्हाडांत वाटलं गेलं:
रुंद जिना, मोठं दार शेजारच्या लमाराकडे,
इकडे ऊन.
मधलं दुपाखी दार दोन्हीकडून कागद चिकटवून बुजवलेलं.
"मग लमाराबाईंना विचारा की."
"अकरा वर्षं बोलत नाही. पाण्याच्या मीटरवरून."
थोडं थांबून:
"तू विचार. मी पाठवलं म्हणू नकोस."

लमाराबाईंनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला.
"बूट काढा," म्हणाल्या.
"आणि कपाट ओढण्याआधी खालचा खण रिकामा करायला सांगा.
तिच्या आईचे पेले आहेत त्यात."

कागद कापला. खाली निळी फुलं,
त्याखाली तपकिरी रेघा, त्याखाली वर्तमानपत्र,
त्याखाली कोयंडा. तो हातोडीनंच ऐकला.
दोन घरांची हवा एकमेकींत शिरली,
इकडून कोथिंबीर, तिकडून डांबराच्या गोळ्या.

सोफा लमाराबाईंच्या खोलीतून दिमाखात निघाला,
अर्ध्यावर गेला, आणि रुतला.
हत्ती जातो नि शेपूट राहतं म्हणतात,
इथे हत्तीही पुरता गेला नव्हता.
पुढे नाही, मागे नाही.
मलखाझनं देवाचं नाव घेतलं, मग दुकानदाराच्या आईचं,
मग दोन्ही एका दमात.

दोघी आपापल्या बाजूला उभ्या.
त्सिआलाबाई आधी बसल्या, दमल्या म्हणून.
मग लमाराबाई. अर्धा त्यांच्या खोलीत होताच.
पाय नसल्यानं इतका बुटका
की दोघींचे गुडघे हनुवटीला आले.
मध्ये चौकट. मान वळवली तरच दिसेल समोरची.
कुणी वळवली नाही.
"मऊ आहे," पलीकडून आलं.
अलीकडे बराच वेळ काही नाही.
मग: "जरा जास्तच."

पावतीवर दोन चौकोन होते, पोहोचला आणि परत.
मी पेन खिशात ठेवलं.
म्हटलं, उद्या करवत आणतो, चौकट कापू.
हो कुणीच म्हणालं नाही.
मलखाझला मात्र दोन्हीकडून चहा आला.

याला तीन आठवडे झाले.
पाय अजून सीटखाली आहेत,
वळणावर खडखडतात, आणि प्रत्येक वेळी
मला वाटतं काहीतरी सुटलं गाडीचं.
परवा फोन केला. त्सिआलाबाई म्हणाल्या, घाई नाही.
मागे कुणीतरी तावातावानं बोलत होतं,
मीटरबद्दल.
"थांब जरा," त्या म्हणाल्या, मला नव्हे,
आणि फोन तसाच चालू राहिला.